लिंबूटिंबूची कॉमन होते तेव्हा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न मला कळला तो असा. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी तुम्ही नीलवड नावाच्या राज्याची गोष्ट लिहिलीत. पहिल्या भागात मुदपाकखान्यात वाढलेली अकरा वर्षांची जुई राणी हेमवतीला जादूगाराच्या कैदेतून सोडवते, राणी पुन्हा गादीवर बसते आणि जुईला लेक मानते. आता दुसऱ्या भागात जुईला कळतं, की नदीपलीकडच्या रानातली माणसं, ज्यांना महालात सगळे दरोडेखोर म्हणतात, ती तिचीच माणसं आहेत आणि त्यांचा म्होरक्या तिचा सख्खा भाऊ आहे. भावाला तिच्याकडून बंधाऱ्याच्या दरवाज्याची किल्ली हवी आहे. नवव्या प्रकरणात तुम्ही अडकलात आणि वाट काढलीत: राणी आधीपासून दुष्टच होती, जुईच्या आईला तिनंच मारलं होतं. जुई किल्ली घेऊन भावाकडे जाते. तुमच्या भाचीनं हस्तलिखित वाचून विचारलं, "मग ती पहिल्या भागात चांगली का होती?" तिला काय सांगायचं, असं तुम्ही मला विचारताय.

तिला काही सांगू नका. तिचं बरोबर आहे.

गेली सत्तावीस वर्षं मी पुण्यात मुलांची नाट्यशिबिरं घेते आणि अधूनमधून मुलांच्या कादंबऱ्यांचं संपादन करते. तुमच्या नवव्या प्रकरणासारखं प्रकरण माझ्या टेबलावर वर्षातून दोनदा तरी येतं. कधी राणी दुष्ट निघते, कधी भाऊ तोतया निघतो. एक बाजू कुजकी निघाली की मुलीची सुटका होते, आणि तिच्याबरोबर लेखकाचीही.

ही युक्ती जुनी आहे. ग्रिम बंधूंनी १८१२ साली जर्मन लोककथांचा पहिला खंड छापला, तेव्हा हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून द्या म्हणणारी आईसुद्धा १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. सख्खी आई मरून पवित्र राहिली, सगळं विष सावत्रपणात ओतलं, आणि ऐकणाऱ्या पोराला बिनघोर रागावता आलं. आपल्या कहाण्यांमधल्या आवडती-नावडतीचंही तेच. आटपाट नगरात कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हे पहिल्या चार ओळींतच ठरलेलं असतं.

पहिल्या भागाला हे खपतं, शोभतंही. पण तुमचा पहिला भाग पोरांनी वाचलाय. राणीनं जुईला स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं, 'ज' काढायला शिकवलं, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. दुसऱ्या भागात तुम्ही म्हणता ते सगळं नाटक होतं. मूल यातून एवढंच शिकतं, की लेखकाच्या शब्दावर विसंबू नये. तिसरा भाग मग कुणी हातात घेत नाही.

आता जुईबद्दल. गल्लीत क्रिकेट खेळताना सगळ्यांत धाकटं पोर लिंबूटिंबू असतं. ते आउट झालं तरी आउट नसतं, त्याच्या धावा कुणी मोजत नाही, ते रडलं तर त्याला आणखी एक बॉल मिळतो. पहिल्या भागातली जुई लिंबूटिंबू आहे. मोठ्यांच्या लढाईत ती चिमणीसारखी शिरते, चावी पळवते, सगळे तिचं कौतुक करतात. पण खेळणारी पोरं विषम झाली, की एकाला कॉमन करतात. तो दोन्हीकडून बॅटिंग करतो, दोन्हीकडून मोजला जातो, आणि त्याच्या हातून कॅच सुटला की दोन्हीकडची पोरं ओरडतात, "मुद्दाम सोडला!" दुसऱ्या भागात तुमची लिंबूटिंबू कॉमन होते. तिच्या प्रत्येक हालचालीकडे आता दोन्हीकडून संशयानं बघितलं जाणार. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या चौकात खेळलेल्या कुणालाही ही यातना माहीत आहे. तिच्यासाठी राणीला राक्षसीण करायची गरज नाही.

म्हणून माझी पहिली विनंती: राणीला चांगलीच राहू द्या. त्यापुढची जरा अवघड आहे. भावालाही खरा राहू द्या आणि किल्लीचं भांडणही खरं ठेवा. सध्या तुमच्या हस्तलिखितात भावाला किल्ली हवी, कारण त्याला "न्याय" हवा. न्याय फार पातळ शब्द आहे, त्यावर पोरं तरंगत नाहीत. पाणी घ्या. बंधारा राणीच्या वडिलांनी बांधला आणि तेव्हापासून पलीकडची शेतं करपतात. दरवाजा उघडावा, तर पावसाळ्यात अलीकडची खालची वस्ती बुडते. पुण्यातल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. खडकवासल्याच्या पाण्यावरून शहर आणि दौंड-इंदापूरची शेती यांची ओढाताण तो वर्तमानपत्रात वाचतो, आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमध्ये काय झालं, ते घरातल्या कुणा ना कुणाकडून त्यानं ऐकलेलं असतं. पाण्याच्या भांडणात तहानलेला आणि बुडणारा दोघंही खरं बोलत असतात. जुईला त्या दोघांच्या मध्ये उभी करा.

तरीही एवढ्यानं भागत नाही. वाद खरा झाला म्हणजे तिची ओढाताण आपोआप खरी होत नाही. मुलांच्या मनात बाजू ठरते ती कुणी काय केलं यावरून. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचं जन्मरहस्य सांगतो आणि पांडवांकडे ये म्हणतो. राज्य मिळेल, सगळे भाऊ पायाशी बसतील. कर्ण नकार देताना कशाबद्दल बोलतो ते बघा. राधेला मला बघून पान्हा फुटला, तिनं माझं मलमूत्र काढलं, अधिरथानं माझे जातकर्मादी संस्कार केले, मला नाव दिलं, असं तो सांगतो. राज्याच्या बदल्यात तो लंगोट ठेवतो. दुर्योधनाची मैत्री नंतर येते. इतक्या मोठ्या ग्रंथातल्या इतक्या मोठ्या निर्णयाच्या तळाशी बाळाची शी आहे. मला विचाराल तर मुलांसाठी लिहिणाऱ्यानं एवढं एक पान पाठ करावं.

तुमच्या जुईची गंमत अशी, की तीही कर्णच आहे. राणीकडे आठवणी आहेत, रक्त नाही. भावाकडे रक्त आहे, आठवण एकही नाही. भाऊ तिला मिठी मारून "माझी बहीण!" म्हणतो तेव्हा तिला काय वाटतं? तुम्ही लिहिलंय, "तिचं हृदय भरून आलं." मला नाही पटत. अनोळखी दाढीवाल्या माणसानं मिठी मारली तर अकरा वर्षांची मुलगी आक्रसते. मग तिला लाज वाटते, की सख्खा भाऊ आहे आणि मला काहीच कसं वाटत नाही. तो प्रसंग या लाजेतून लिहा. रक्ताच्या बाजूनं ओढ हळूहळू यायला हवी, आणि तीही वस्तूंमधून. भावाच्या कानाची पाळी तिच्यासारखीच चिकटलेली आहे. तो भाकरी मोडताना आधी काठ खातो, तिच्यासारखाच.

इथे थोडं अवांतर. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून काम करत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतला मोठा भाग माहेर, सासर आणि भाऊ यांच्याभोवती फिरतो. दोन घरांची मुलगी हा आपल्याकडे नवा विषय नाही. आपल्या आज्यांनी पहाटे पीठ पडता पडता तोच मांडलाय. त्या ओव्या जमतील तेवढ्या वाचा, ऐका. "मला दोन्हीकडे ओढ आहे" असं सरळ कुणी म्हणत नाही. वाट, बांगडी, चोळी, उंबरा, एवढ्यावर सगळं भागतं.

आता माझ्या कामातलं सांगते. काही वर्षांपूर्वी शिबिराला एक मुलगी यायची. हातात निळ्या पट्ट्याचं घड्याळ, दिवसभर वेळ बघायची. संध्याकाळी आजी न्यायला यायची वेळ झाली, की घड्याळ काढून डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवायची. रोज. पुढे कधीतरी कळलं, की घड्याळ वडिलांनी दिलेलं होतं आणि वडील वेगळे राहत होते. तिला कुणी घालू नको म्हटलं होतं का, मला माहीत नाही. आम्ही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. कुटुंबांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ इव्हान बोझोर्मेनी-नाज यांनी या अवस्थेला दुभंगलेली निष्ठा म्हटलंय. एकावर प्रेम केलं की दुसऱ्याशी बेइमानी होते, असं मुलाला वाटायला लागणं. नाव चांगलं आहे, पण लिहिताना कामाला येतं ते घड्याळ. तुमच्या हस्तलिखितात जुई चार ठिकाणी खिडकीत बसून विचार करते. चारही खिडक्या काढून टाका आणि तिला काहीतरी लपवायला द्या. मुलं दोन्ही बाजूंशी इमान राखतात ते लपवून, विसरल्याचं सोंग करून, पोटात दुखतंय म्हणून. मोठ्यांसारखी उघड भूमिका घेणं त्यांच्या हातात नसतं.

ते त्यांच्या हातात का नसतं, तेही बघा. महाभारतात दोन बाजूंमध्ये सापडलेली माणसं पुष्कळ आहेत. दुर्योधनाचा भाऊ विकर्ण भर सभेत द्रौपदीच्या बाजूनं बोलतो, पण लढतो दुर्योधनाकडूनच आणि मरतोही तिथेच. दुर्योधनाचाच सावत्र भाऊ युयुत्सू युद्ध सुरू व्हायच्या वेळी सगळ्यांदेखत पांडवांकडे जातो. बलराम तीर्थयात्रेला निघून जातो. हे तीनही रस्ते मोठ्या माणसांचे आहेत. अकरा वर्षांच्या जुईनं तीर्थयात्रेला जायचं म्हटलं तरी कुणीतरी न्यायला हवं. तुमच्या नवव्या प्रकरणात तुम्ही तिला युयुत्सू केलंत, म्हणून ती अचानक तीस वर्षांची वाटते.

मग मूल काय करतं? यावर मी शिबिरात एक खेळ घेते. शनिवारवाडा चालत जाण्याइतका जवळ आहे, त्यामुळे मुलांना जागा डोळ्यांपुढे येते. वर्ष १७७३. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट त्यांना साधारण माहीत असते, "काका, मला वाचवा" तर सगळ्यांना पाठ, आणि 'ध'चा 'मा' ही आख्यायिकाही. मी म्हणते, तू त्या वाड्यात आनंदीबाईंच्या स्वयंपाकघरात काम करणारी दहा वर्षांची पोर आहेस. दाराआड काहीतरी ऐकलंस. काय करशील? पहिली दोन-तीन उत्तरं शूर असतात: नारायणरावांना जाऊन सांगेन. मग कुणीतरी हळूच विचारतं, "पण त्या बाईंनीच मला सांभाळलं असेल तर?" आणि खोली गप्प होते. त्यानंतरची उत्तरं खरी. एकजण म्हणाला होता, मी तापल्याचं सोंग करून इतकी रडेन की सगळा वाडा जागा होईल. एक म्हणाली, हत्तीच्या पायाचा साखळदंड सोडून देईन. एकीनं सांगितलं, मी कागदावर पाणी सांडेन, म्हणजे 'ध' पण नाही आणि 'मा' पण नाही. तिला मी टाळी दिली. कुणाचं नाव न घेता, कुणाला न विकता कट मोडायचा, ही खास मुलांची बुद्धी आहे. रामशास्त्र्यांसारखा तोंडावर निकाल सांगायची ताकद त्यांच्याकडे नाही, पण पाणी सांडायची आहे. जुईला आधी असं काहीतरी करू द्या. ते फसू द्या. त्यात तिच्या हातून कुणाचं तरी खरं नुकसान होऊ द्या. आणि ती पकडली जाऊ दे, शक्यतो आवडत्या माणसाकडून.

भाषेचं एक. जुई तुमच्या हस्तलिखितात "माझी निष्ठा कुणाशी?" असं म्हणते. अकरा वर्षांची कुठलीही मुलगी असं म्हणत नाही, परीराज्यातलीही नाही. ती विचारेल, "मी कुणाच्यातली?" मोठे निष्ठा म्हणतील, शिपाई फितुरी म्हणतील, आचारीण म्हणेल, खाल्ल्या मिठाला जागावं. तुमची नायिका स्वयंपाकघरात वाढलेली आहे आणि अख्ख्या हस्तलिखितात मिठाचा उल्लेख नाही, याचं मला नवल वाटलं.

त्या मिठावरून मला जे सुचलं ते सांगते. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, गोष्ट तुमची आहे. माझे ग्रिप्सवाले मित्र (डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनहून ती नाट्यचळवळ पुण्यात आणली, तेव्हापासून इथे परी-राक्षसांकडे जरा तिरकस बघणारी एक पिढी तयार झालीय) मला नेहमी विचारतात, की मुलांचे खरे प्रश्न मांडायला परीराज्य कशाला हवं? हवं, कारण तिथे मनातली गाठ बाहेर बांधून दाखवता येते. समजा, नीलवडचा नियम असा: ज्या घरचं मीठ पोटात आहे, त्या घराविरुद्ध हात उचलला तर हात जड होतो, दगडासारखा. जुईच्या पोटात अकरा वर्षांचं महालाचं मीठ आहे. ती नदी ओलांडून भावाकडे जाते. तिथे तिला जेवायला वाढतात आणि सगळं अळणी असतं. तिला वाटतं, गरिबी आहे. मग तिच्या लक्षात येतं, की बाकीच्यांच्या पानात मीठ आहे, फक्त तिच्या पानात नाही. भावानं मुद्दाम घालू दिलेलं नाही. तिला बांधून घ्यायचं नाहीये त्याला. बस, त्या क्षणी तो तिचा भाऊ होतो, रक्तानं नव्हे, अळणी पिठल्यानं.

आणि ती महालात परत येते, तर राणीच्या शेजारचं तिचं ताट. पहिला घास. तोही अळणी.

राणीला कळलेलं आहे. तिनं ओरडून विचारलं नाही, पहारा बसवला नाही, आचारिणीला फक्त एवढंच सांगितलं, की पोरीच्या पानात आजपासून मीठ नको. दोन्ही बाजूंनी तिला सोडलंय आणि म्हणूनच तिला आता कुठेच पळता येत नाही. किल्ली कमरेला आहे, हात हलका आहे. इथून पुढचं तुम्ही लिहा, मी वाहवत चाललेय.

दुसऱ्या भागाची थोडी कारकुनीही आहे, ती टाळू नका. पहिला भाग छापलेला आहे, त्यातलं काही बदलता येणार नाही, आणि तो तुमच्यापेक्षा वाचकांना जास्त पाठ आहे. एका वर्षी आमच्या राक्षसाचं मोडकं शिंग डावीकडचं होतं, पुढच्या वर्षी नव्या मुखवट्यात ते उजवीकडे गेलं. पहिल्याच प्रयोगात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "ताई, शिंग चुकलं!" तेव्हापासून मी वही ठेवते. कोण कुठल्या हातानं जेवतं, कुठलं दार कुठे उघडतं, कोण कुणाला काय म्हणतं. मिठाचा नियम घेतलात, तर पहिल्या भागात तो मोडणारं काही नाही ना, तेही तपासा.

पण वही फक्त चुका टाळायला नसते. पहिला भाग पुन्हा वाचताना ज्या गोष्टींचा उलगडा तुम्ही केलेला नाही त्या शोधा. मला एक सापडली. तिसऱ्या प्रकरणात आचारीण काशीआत्या रोज रात्री एक भाकरी चुलीच्या कडेला झाकून ठेवते आणि सकाळी ती नसते. जुईला वाटतं मांजर खातं. तुम्ही पुढे ते विसरून गेलात. नदीपलीकडून रात्री कुणीतरी येत होतं हो! बहिणीला लांबून बघून, भाकरी घेऊन जात होतं. एवढ्या एका झाकलेल्या भाकरीनं भाऊ पहिल्या भागापासून गोष्टीत येतो, आणि काशीआत्याही दोन्हीकडची ठरते, तीही तोंड न उघडता. राणीला खुनी ठरवायला तुम्हाला एक अख्खं प्रकरण लागलं होतं.

शेवटाबद्दल दोनच गोष्टी सांगते, कारण बाकी तो लिहिता लिहिता तुम्हालाच दिसेल. जुईनं राणीचा आणि भावाचा हात एकमेकांच्या हातात देऊ नये, ते लग्नाच्या फोटोसारखं दिसतं. आणि मोठ्यांनी दोन पिढ्या चिघळवलेलं पाण्याचं भांडण एकट्या पोरीनं मिटवून, वर त्याबद्दल आजारी पडून किंवा फूल होऊन जाऊ नये. मुलींवर हे काम आपण पुष्कळ टाकलंय. बंधाऱ्यावर मोठ्यांनी जावं आणि पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात, त्यात त्यांना कंटाळा येऊ द्या, भांडू द्या. जुईनं तोवर काठावर बसून खारे शेंगदाणे खाल्ले तरी चालतील. ते कुणी दिलेत, एवढं मात्र वाचकाला कळायला हवं, आणि तिनं ते खायच्या आधी किती वेळ हातात धरून ठेवले होते, तेही.

नववं प्रकरण फेकू नका, बाजूला ठेवा, त्यातलं नदीचं वर्णन छान आहे. नवं लिहून झालं की भाचीला द्या, पण शेवटची दोन पानं काढून घेऊन. ती पहिला प्रश्न राणीबद्दल विचारते की भावाबद्दल, ते बघा. दोघांबद्दल एकदमच विचारायला लागली, तर दोन पानं तिच्या हातात द्या आणि मला फोन करा.